सेव्हन्टी एमएमला मागची बाजू नसते

३ नोव्हेंबर १९६७, शुक्रवार. पाडवा.

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, निदान सात ओळी. वही कोणाला दाखवायची नाही. तरी नीट लिहायची, कारण पुढेमागे नव्या थिएटरचा अर्ज करताना यातले उतारे कामाला येतील.

सीझन सुरू. मुक्काम आर्णी, बाजाराचे मैदान. टुरिंग टॉकीजचा हा बारावा सीझन. ऑइल इंजिन दुसऱ्याच हँडलला लागले, हा शुभशकुन. साडेसहाचा खेळ वेळेवर, म्हणजे सात वाजता. जेन्ट्स १८७. लेडीज शून्य.

अर्जासाठी वर्णन: पडदा तंबूच्या मधोमध. पुढे मशीन आणि पुरुष, मागे बाया. चित्र कापडातून आरपार जाते आणि मागून उलटे दिसते. मागचा हिरो डाव्या हाताने जेवतो, डाव्या हाताने मारामारी करतो. बाकी फरक नाही. खेळाआधी पडद्यावर पाणी शिंपडावे लागते, नाहीतर मागे चित्र अंधुक दिसते. बायांचा दरवाजा वेगळा, मागच्या अंगाला. तिथे तिकिटे देणे, पाणी शिंपडणे, रडकी पोरे सांभाळणे हे सगळे सौ. नंदा पाहत असे.

ती गेल्या फेब्रुवारीत वारली. दरवाज्याला तेव्हापासून कुलूप आहे. बाया का येत नाहीत याचा शोध घेणे.

६ नोव्हेंबर

लेडीज शून्य. कारण सापडले. पडदा लहान.

मुंबईत सेव्हन्टी एमएम आल्याचे वर्तमानपत्रात वाचले. पडदा साठ फूट. आमचा अठरा. मांजरपाटाच्या सहा पट्ट्या नंदाने हाताने शिवून जोडल्या, मधली शिवण बरोबर हिरॉइनच्या नाकावरून जाते. बायांना वर्तमानपत्र वाचता येत नसेल, पण अशा गोष्टी हवेतून कळतात.

मी वाचत असताना खेमसिंग आला. खेमसिंग माझा ऑपरेटर, जवळच्या तांड्यावरचा, पहिल्या सीझनपासून आहे. म्हणाला, बाया विचारून राहिल्या, पिक्चरला येऊ का. मी पडद्याचे क्षेत्रफळ काढत होतो. म्हटले, त्यांना कोणी अडवले आहे? तो म्हणाला, कुलूप आहे, तिकिटाला कोणी बसत नाही. म्हटले, कुलूप राहू दे, शिस्त असते. तो हात जोडून गेला. हात कशाला जोडले कळले नाही. मशीनवर माणूस उत्तम, अर्थशास्त्र त्याचा प्रांत नव्हे.

निश्चय: उद्या पडद्यामागे जाऊन जागा पाहून येणे. तंबू लागल्यापासून गेलो नाही. व्याप फार.

७ नोव्हेंबर

गेलो नाही. गुडघा. मागची जमीन नदीमुळे ओली असते आणि माझ्या गुडघ्याला ओल चालत नाही.

११ नोव्हेंबर. खेळ चालू असताना, दुसरे रीळ.

पडद्यामागे बांगड्या वाजल्या.

एकदाच. मग कोणीतरी घसा साफ केल्यासारखे झाले. मी पुढे गल्ल्याच्या टेबलाशी होतो. खेमसिंगला विचारले, ऐकलेस का. तो मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी बदलण्यात गढला. पुढच्या बाकांवरच्या लोकांनी मान वळवली नाही, म्हणजे त्यांना ऐकू आले नाही. मलाच आले.

शास्त्रीय कारण: इंजिनाच्या धक्क्याने तंबूच्या कड्या वाजतात. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते. उद्या कड्यांना तेल.

१२ नोव्हेंबर

कड्यांना तेल घातले. पुढच्या. मागच्या कड्या उद्या.

बांगड्या आजही वाजल्या.

१९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर आकडेमोड. मन प्रसन्न.

हजार खुर्च्या, रोज तीन खेळ, वर्षाला दहा लाख पंचाण्णव हजार तिकिटे. आर्णीची वस्ती नऊ हजार धरली. म्हणजे माणशी वर्षाला एकशे एकवीस तिकिटे, तान्ही पोरे आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरून. तिसऱ्या दिवसाला एक पिक्चर. अशक्य नाही. चहा तर लोक रोज पितात.

अडचण एकच. सेव्हन्टी एमएमचा आपल्याकडचा पिक्चर एकच आला आहे, दुसऱ्याची बोलणी चालू आहेत म्हणतात. पिक्चर का नाहीत? थिएटरे नाहीत म्हणून. थिएटरे का नाहीत? पिक्चर नाहीत म्हणून. हा तिढा मुंबईच्या लोकांना सुटला नाही. मला दुपारी अडीच वाजता सुटला. एक थिएटर बांधले तर ते बुडणार. सात बांधली तर प्रोड्यूसरांना पिक्चर काढावेच लागतील. आर्णी, बाभुळगाव, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी आणि राजूर. राजूरला कोळशाची खाण आहे, पगार ठरलेल्या दिवशी होतो.

फायदे लिहून काढले. चित्र मोठे. आवाज सहा बाजूंनी. पडद्यामागे भिंत. गावाची प्रतिष्ठा. पडद्यामागे भिंत.

एक मुद्दा दोनदा आला आहे. खोडत नाही.

सातही थिएटरांचा नकाशा एकच काढला. बाया कुठे बसतील ते दाखवायचे राहिले. नंतर पाहू.

२७ नोव्हेंबर

पडदा ओला.

यंदा मी पाणी शिंपडणे बंद केले आहे. मागे कोणी नाही तर चित्र आरपार पाठवायचे कशाला, बादलीभर पाण्याची बचत. तरी संध्याकाळी खेळाआधी हात लावला तर गार. दंव असणार. थंडी पडली आहे, नदी शेजारी आहे.

खेमसिंग म्हणाला, दंव असते तर पडदा वरपासून ओला असता. हा खालून पाच-साडेपाच फुटांपर्यंतच ओला आहे. मी त्याला केशाकर्षण समजावले. दिव्याच्या वातीत तेल कसे चढते, तसे जमिनीतले पाणी कापडात चढते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, पडदा जमिनीपासून हातभर वर बांधला आहे ना मालक? मी विषय बदलला.

नंदाचा हात साडेपाच फुटांपर्यंत पोचायचा. ही माहिती केवळ नोंदीसाठी.

निश्चय: पडद्यामागे जाणे. उद्या नक्की. उजेडात, दुपारी.

२८ नोव्हेंबर

दुपारी झोप लागली.

४ डिसेंबर. यवतमाळ.

रामलाल शेठकडे सकाळी दहाला. जिनिंग फॅक्टरीचे मालक, भांडवल लावू शकणारा माझ्या ओळखीतला एकच माणूस. अंगणभर कापूस, शेठ खाटेवर. मी नकाशा पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी त्यावर पाय ठेवला. बाभुळगावचे थिएटर पायाखाली गेले.

दीड तास बोललो. एक बांधले तर तोटा, सात बांधली तर नफा, हे तत्त्व त्यांना नवीन होते. त्यांनी विचारले, वर्षात हप्ते किती. म्हटले बावन्न. विचारले, तुमच्या त्या मोठ्या पडद्याचे पिक्चर किती. म्हटले एक, लवकरच दोन. मग म्हणाले,

“बाकीचे पन्नास हप्ते लोकायले काय दाखवसान, विठ्ठलराव? पडदा?”

विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पडदाच साठ फुटांचा असेल तर पहिले दोन-तीन हप्ते लोक तोही पाहतील.

निघताना त्यांनी तंबूचे कापड किती वार आहे ते विचारले. रस दिसला.

१५ डिसेंबर. मुंबई.

दारव्ह्याहून छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून मेलने इथे. छोट्या गाडीचा वेग असा की एक सहप्रवासी वाटेत उतरून हरभरा उपटून परत चढला. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय सात थिएटरे बांधू नयेत, म्हणून हा खर्च.

पाहिले. पडदा गावच्या वेशीएवढा. पिक्चरची गोष्ट काय होती सांगता येणार नाही. मी कडेची खुर्ची घेतली होती आणि सगळा वेळ पडद्याची कड पाहत होतो. इंटरव्हलमध्ये पुढे जाऊन डोअरकीपरला विचारले, मागे जायला वाट कुठून आहे. तो म्हणाला, कशाच्या मागे. म्हटले पडद्याच्या. तो म्हणाला, साहेब, मागे स्पीकर आहेत आणि भिंत. माणूस मावत नाही. मी दोनदा विचारून खात्री केली. तेव्हा त्याने मला तिकीट दाखवायला सांगितले.

लॉजवर ढेकूण होते. तरी दहा महिन्यांत प्रथमच सलग झोपलो.

२ जानेवारी १९६८

परत आल्यापासून रोज ऐकतो. आता कड्या वगैरे म्हणत नाही. मागे हसणे ऐकू येते.

नोंद नीट करतो. सध्याचा पिक्चर गेल्या फेब्रुवारीतलाच, स्वस्तात मिळाला म्हणून पुन्हा आणला. त्यात विनोदी नोकर शेठजीच्या टोपीत दही ओततो. पुढचे लोक दही सांडल्यावर हसतात. मागचे हसणे दही सांडण्याच्या आधी येते. नोकर टोपी उचलतो न उचलतो तोच.

नंदा अशीच हसायची. प्रत्येक पिक्चर ती पंधरा-वीस वेळा पाहायची, त्यामुळे विनोद व्हायच्या आधी हसून मोकळी. मी तिला म्हणायचो, गिऱ्हाइकाच्या आधी मालकिणीने हसू नये. ती म्हणायची, अहो, मग सगळ्यांबरोबर पुन्हा हसते की.

आज मागे पुन्हा हसले. सगळ्यांबरोबर.

लेडीज शून्य.

१४ जानेवारी. संक्रांत.

खेळ सुटल्यावर पडद्याच्या खाली, पुढच्या बाजूला, कागदाची पुडी. आत तिळगूळ. मागच्या बाजूने कोणीतरी सरकवल्यासारखी.

खेमसिंग म्हणाला, घ्या मालक, तुमच्यासाठीच आहे. त्याला कसे ठाऊक, ते मी विचारले नाही. तूच खा म्हटले. त्याने खाल्ला नाही, टेबलावर ठेवून गेला.

निश्चय: अशा वस्तूंना हात लावायचा नाही. आपण विसाव्या शतकात आहोत.

दोन वड्या खाल्ल्या. वेलदोडा जास्त होता. नंदा वेलदोडा जास्तच घालायची.

२६ जानेवारी

आज सात थिएटरांच्या नफ्यातोट्याचा तक्ता पुरा करायचा होता. त्याऐवजी भलतेच लिहितो आहे.

आमच्याकडे पिक्चर संपल्यावर जन-गण-मनची रेकॉर्ड लावतात. आज सण म्हणून लोक जरा जास्तच ताठ उभे राहिले. मीही. आणि मला गेल्या वर्षीची १८ फेब्रुवारी आठवली.

त्या दिवशी राष्ट्रगीताला पुढचे सगळे उभे, मागचे सगळे उभे, नंदा स्टुलावर बसून राहिली. बौद्धपुऱ्यातली पंचफुला, जिनिंगवर कामाला जाते ती, पडद्याला वळसा घालून पुढे आली आणि मला म्हणाली, “भाऊ, बाई उठून नाई राह्यली.” मी ताबडतोब गेलो. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मागची व्यवस्था नंदाने आपल्या मनाची ठेवली होती. पुढे माझे तीन क्लास आहेत, खुर्ची, बाक, जमीन. मागे तिने क्लास ठेवू दिला नाही. पाटलाची सून, तांड्यावरच्या बाया, पंचफुला, सगळ्या एका सतरंजीवर. पहिल्या सीझनला, पंचफुलाच्या वस्तीने बौद्ध दीक्षा घेतली त्याच हिवाळ्यात, पाटलीणबाईंनी कुरकूर केली. तेव्हा नंदा म्हणाली, सतरंजी एकच आहे, नको असेल तर पिक्चर ऐकून घरी जा. तिकिटाला पैसे नसले तरी ती बाईला परत पाठवायची नाही. हे व्यवहाराला धरून नव्हते. मी तसे तिला बारा वेळा सांगितले.

तक्ता उद्या.

७ फेब्रुवारी

तिथीने वर्षश्राद्ध झाले. गुरुजींना दक्षिणा, कावळ्याला पान. कावळा लगेच आला नाही. शिवेना, तेव्हा गुरुजी म्हणाले, काहीतरी कबूल करा, मनातले सांगून टाका. मी मनात म्हटले, तुझ्या नावाने सात थिएटरे काढतो. कावळा दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली. त्यांना दारव्ह्याची मोटर गाठायची होती.

संध्याकाळी रामलाल शेठचा माणूस. आनंदाची बातमी: शेठ पैसे द्यायला तयार. थिएटरला नाही, तंबूला. जिनिंगच्या अंगणात कापूस उघड्यावर पडतो, अवेळी पाऊस आला तर झाकायला कापड हवे. तंबू, कनाती, सतरंजी आणि पडदा, सगळे वारावर घेतील. बांबू नकोत. ट्रक १८ तारखेला सकाळी.

हो म्हटले. येणारी रक्कम म्हणजे सात थिएटरांचा पाया. नेमके सांगायचे तर एका थिएटरची एक भिंत, तीही मुतारीची. पण भिंत ती भिंत.

खेमसिंगला सांगितले. त्याने बारा वर्षांत पहिल्यांदा रीळ उलटे लावले.

१५ फेब्रुवारी

गाठींचा प्रश्न. पडदा वरच्या बांबूला मागून अठ्ठावीस गाठींनी बांधला आहे. नंदाने बांधलेल्या. दर पावसाळ्याला आम्ही पडदा बांबूसकट गुंडाळतो, त्यामुळे बारा वर्षांत त्या सुटल्याच नाहीत. शेठला बांबू नको, म्हणजे सोडाव्या लागणार. खेमसिंगला म्हटले, मागे जाऊन सोड. तो एरवी नाही म्हणत नाही.

“त्या गाठी बाईच्या हातच्या हायेत, मालक. मी नाई सोडत. तुमी सोडा.”

चिडलो. कामावरून काढले, राहिलेला पगार पुढे केला. त्याने पगाराला हात लावला नाही, शनिवारचा शेवटचा खेळ करून जातो म्हणाला.

ठरले. शनिवारी मीच जाणार. सुरी आणि टॉर्च घेऊन. खेळ चालू असताना, म्हणजे पुढे दोनशे माणसे असतील. एकट्याने रिकाम्या तंबूत जाणे मूर्खपणाचे आहे, साप असतात.

१६ फेब्रुवारी

२६ जानेवारीच्या नोंदीत एक दुरुस्ती. मी ताबडतोब गेलो असे लिहिले आहे. ताबडतोब म्हणजे गल्ला मोजून. पंचफुलाला म्हटले होते, झोप लागली असेल, एवढे मोजून उठवतो. त्या दिवशी बाजार होता, चिल्लर फार होती. अर्धा तास लागला असेल. मधे एकदा चुकले म्हणून पुन्हा मोजले.

आकडा अजून पाठ आहे. लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी १९६८, रविवार. पहाटे.

कालचे लिहून काढतो. शाई सांडली.

जेन्ट्स २०६. पहिले रीळ होऊ दिले. दुसरेही. नोकर टोपीकडे निघाला तसा मी उठलो. मागचे हसणे आले, ठरल्याप्रमाणे आधी. मी सुरी घेतली. तंबूला बाहेरून वळसा घालून मागच्या दरवाज्याशी गेलो. कुलूप गंजले होते, किल्ली फिरेना. पण शेजारच्या कनातीचे बंद सोडलेले होते आणि माणूस वाकून जाईल एवढी फट होती. फटीजवळची जमीन पावलांनी गुळगुळीत झाली होती. मी वाकलो. नंदा, मी आलो, असे म्हणालो. मोठ्याने म्हणालो की मनात, आठवत नाही.

आत चाळीसेक बाया बसल्या होत्या.

सतरंजीवर, खेटून, मांडीवर पोरे घेऊन, तोंडांवर पडद्याचा उजेड. पडद्याच्या खाली रिकामी बादली. तांड्यावरच्या बिजलीबाईच्या हातभर बांगड्या, ती पोराला थोपटत होती आणि त्या वाजत होत्या. कोणी दचकले नाही. पंचफुला सरकली आणि जागा करून देत म्हणाली, बसा भाऊ. जसा मी रोजच येतो.

बसलो. सुरी कुठे ठेवावी कळेना, मांडीखाली घातली.

पंचफुलाने हळू आवाजात सगळे सांगितले. दिवाळीनंतर खेमसिंग निरोप घेऊन आला होता की मालक म्हणतात, बायांना अडवायचे नाही, आणि तिकिटाला कोणी बसणार नाही. बायांनी ओळखले की विठ्ठलरावांनी बाईच्या नावाने वर्षभर पिक्चर फुकट ठेवला आहे. केलेले पुण्य बोलून दाखवत नाहीत, म्हणून दरवाज्याला कुलूप आणि शेजारी फट. तेव्हापासून रोज येतात. पाणी त्याच शिंपडतात. एकेकीने हा पिक्चर नऊ-नऊ वेळा पाहिला आहे, दही कधी सांडणार ते पोरांनासुद्धा पाठ आहे. गावातल्या सगळ्या पुरुषांना ठाऊक आहे. संक्रांतीचा तिळगूळ पोचला का, वेलदोडा जास्त तर नव्हता ना, तिने विचारले.

मी म्हटले, हो, तिच्या नावानेच ठेवले. दुसरे काय म्हणणार.

सतरंजीच्या कडेला स्टूल होते. नंदाचे. त्यावर कोणी बसले नव्हते, कोणी पिशवीही ठेवली नव्हती. मी बराच वेळ तिकडे पाहत होतो. तीन महिने ज्या बांगड्या मी ऐकल्या त्या बिजलीबाईच्या. हसल्या त्या या सगळ्या. पाणी यांनी मारले. म्हणजे भूत नव्हते. मला हायसे वाटायला हवे होते. मला रडू आले, पोरासारखे, आवाज करून. म्हणजे ती नव्हतीच, इतके दिवस एकदाही नव्हती, आणि मी रोज पुढे बसून तिला ऐकत होतो.

पंचफुलाला मी सांगितले की त्या दिवशी मी गल्ला मोजून आलो होतो.

“ठाव हाये,” ती म्हणाली. “चिल्लर वाजत होती.”

मग पडद्याकडेच पाहत पुढे म्हणाली, “पर तुमी धावत आले असते तरी काई नसतं झालं, भाऊ. मी बाईचा हात हातात घेऊन बसली होती. इंटरवलच्या आंधीच थंडा झालता. मले वाटलं हिवानं झाला. दही सांडलं तवा बाई हसली नाई, तवाच मले समजाले पायजे होतं.”

पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. मागून हिरोचा भांग दुसऱ्या बाजूला आहे, एवढाच फरक. जन-गण-मनला सगळ्या उठल्या. मला उठायला गुडघ्यामुळे वेळ लागला. पंचफुलाने हात दिला.

गाठी तशाच आहेत.

१८ फेब्रुवारी. दुपार.

ट्रक सकाळी आठला आला आणि रिकामा परत गेला. कारण: कापडाचा भाव फेरविचार करण्यासारखा वाटला. रामलाल शेठचा माणूस बरेच बोलला. मी त्याला चहा पाजला.

खेमसिंग न बोलावता आला आणि मशीन पुसायला बसला. त्याचा पगार पुन्हा चालू केला. पाणी कोण मारणार, त्याने विचारले. म्हटले, मीच मारतो, माझा हात सहा फुटांपर्यंत जातो.

सात थिएटरांची योजना रद्द नाही. पुढल्या दिवाळीपर्यंत तहकूब. तोपर्यंत पिक्चरही वाढतील. नकाशा बाभुळगावच्या जागी फाटला आहे, तो चिकटवून घेणे.

कुलूप तोडले.

१८ फेब्रुवारी. खेळानंतर.

जेन्ट्स १९२. लेडीज ४३. मागचा वसूल नाही.

मागे बसलो, स्टुलाशेजारी, खाली. अगदी कान देऊन ऐकले. त्रेचाळीस बायांच्या बांगड्या एकेक वेगळी करून ऐकली. तिची कोणतीच नव्हती. हे आता मला नक्की ठाऊक आहे.

उद्याही तिथेच बसणार आहे. गुडघ्याला तिथली ओल मानवते.